कुत्रीला औषध लावलं तरी पिसवा परत येतात, घरचे म्हणतात तिला बाहेर बांधा. काय करावं?

बाहेर बांधू नका. आधी हेच सांगते, कारण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त तेच लागलं. तुम्ही लिहिलंय की नाशिकला सिडकोत तळमजल्यावर घर आहे, देशी कुत्री पाळली आहे, पाऊस सुरू झाल्यापासून ती सारखी खाजवतेय. मानेवर औषधाचे थेंब टाकले, आठ-दहा दिवस बरं गेलं आणि पुन्हा पिसवा. आता सासूबाईंच्या घोट्यांनाही चावे आलेत आणि तिची रवानगी अंगणात करायची बोलणी चाललीत. पण ती बाहेर गेल्याने घरातल्या पिसवा जात नाहीत. त्यांना चावायला मग माणसंच उरतात.

कुत्र्याच्या अंगावर पळताना दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या जेमतेम 5 टक्के. बाकीचा पसारा अंडी, अळ्या आणि कोष या रूपात घरात असतो. एक मादी दिवसाला 40-50 अंडी घालू शकते. ही अंडी लिखांसारखी केसाला चिकटून राहत नाहीत. कुत्रं जिथे लोळेल, झोपेल तिथे गळून पडतात. त्यातून निघालेल्या अळ्यांना उजेड सोसत नाही. त्या दिवाणाखाली, फरशीच्या सांध्यांत, गोधडीच्या घडीत सरकतात आणि मोठ्या पिसवांच्या वाळलेल्या विष्ठेवर वाढतात. नंतर कोष करतात, आणि खरी अडचण तिथे आहे. कोष चिकट असतो, त्यावर धूळ बसते, फवारा आत पोचत नाही. आतली पिसू कित्येक आठवडे, कधी काही महिनेसुद्धा थांबून राहते. पावलांचा हादरा बसला, अंगाची ऊब लागली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर येते. गावाहून परतल्यावर बंद घराचं कुलूप काढताच पिसवा चावतात, त्या याच.

म्हणजे तुमचं औषध वाया गेलं असं लगेच धरू नका. तुम्हाला दिसतात त्या बहुधा नव्याने बाहेर पडलेल्या पिसवा आहेत. त्यांनी औषध लागलेल्या कुत्रीवरच उडी मारावी आणि अंडी घालायच्या आत मरावं, हे आपल्याला हवं आहे. त्यासाठी ती घरातच हिंडायला हवी. साधारण तीन महिने औषधात एकही खंड पडू द्यायचा नाही. पिसवा दिसेनाशा झाल्या म्हणून दुसऱ्या महिन्यात औषध थांबवलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पिसवाच आहेत ना, याची खात्री मात्र करा. गॅलरीत पांढरी चादर अंथरा, तिला उभी करा आणि उवांच्या फणीने शेपटीच्या मुळापासून पाठीवर उलटं विंचरा. काळी मिरपूड सांडावी तसे कण पडतील. ते ओल्या कापसावर घ्या. तांबूस डाग पसरला तर ते पचलेलं रक्त, म्हणजे पिसवांची विष्ठा. नुसती माती असेल तर डाग लाल होत नाही. फणीत जिवंत पिसू सापडली की साबणाच्या पाण्यात बुडवा. नखाने चिरडण्यापेक्षा हे सोपं. आमची चिंगी सुरुवातीला फणी बघून पळायची, आता फणीचा डबा वाजला की स्वतःहून येऊन पाठ करून उभी राहते. कानामागे विंचरलं की तिचे डोळे मिटतात.

औषधाचं म्हणाल तर थेंब त्वचेवर पडले पाहिजेत, केसांवर नाही. आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. या एका कारणाने बऱ्याच घरांत थेंब लागू पडत नाहीत. फिप्रोनिलच्या जोडीला एस-मेथोप्रीन असलेले थेंब मिळतात, ते अंडी-अळ्यांवरही काम करतात. पोटातून द्यायच्या गोळ्याही आहेत: ॲफोक्सोलॅनरची महिन्याला एक, फ्लुरालॅनरची साधारण तीन महिने पुरते. वजनाप्रमाणे मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. तिला कधी फिट आली असेल तर ते आधी सांगा. या गटातल्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने 2018 मध्ये तसा इशारा दिलेला आहे. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध तिच्या आसपासही नको, मांजराच्या जिवावर बेततं. गोठ्यात गुरांना लावायचं गोचिडाचं औषध, रॉकेल, फिनेल यांतलं काहीच कुत्र्याला लावायचं नाही, शेजारी कितीही खात्रीने सांगोत.

लसूण खाऊ घालण्याचा सल्लाही हमखास मिळतो. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. आणि नाशिककरांना तर हे मुद्दाम सांगायला हवं, की द्राक्षं आणि बेदाणेही नकोत. थोड्या द्राक्षांनीही कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हंगामात घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात, त्या जमिनीवर ठेवू नका.

घराचं काम कंटाळवाणं आहे, पण निम्मी लढाई तिथेच आहे. तिचं अंथरूण, ती बसते ती सतरंजी, सोफ्याची कव्हरं आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात धुवा. गोणपाट असेल तर सरळ टाकून द्या. दिवाण सरकवून खालून, सांध्यांतून व्हॅक्यूम फिरवा. त्याच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, ते चांगलंच. पिशवी लगेच घराबाहेर टाका. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात उघड्यावर अळ्या तग धरत नाहीत, त्यांना दमट हवा लागते. म्हणून मृगाच्या आधीच, मेअखेरीस औषध सुरू करावं, असं माझं ठाम मत आहे. हिवाळ्यातल्या गारठ्यात बाहेर त्यांची वाढ मंदावते, पण घरातल्या उबेत चालूच राहते, तेव्हा थंडी पडली म्हणून सोडून देऊ नका.

सासूबाईंची भीती मी समजू शकते. जुन्या माणसांनी प्लेगच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. पॉल-लुई सिमों या डॉक्टरांनी 1898 मध्ये कराचीत दाखवून दिलं, की प्लेग पसरतो तो उंदरांवरच्या पिसवांमुळे. आपल्या कुत्र्यांवर बहुतेक वेळा असते ती वेगळी जात. तिच्यामुळे कुत्र्याला पट्टकृमी मात्र होतात; खाजवताना पिसू गिळली जाते आणि मग गुदद्वाराजवळ तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसतात. तसं दिसलं तर जंताचं औषधही घ्या. शेपटीच्या मुळाशी केस गळून कातडी लाल झाली असेल तर ती पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असू शकते, तिला वेगळी गोळी लागते.

आणि कृपा करून या सगळ्यात तिचं फिरणं बंद करू नका. पावसाळ्यात उंच गवत टाळा, कारण तिथे गोचिडी जास्त, आणि गोचिडीचा ताप पिसवांपेक्षा कितीतरी वाईट. ती एकदम खाईनाशी झाली, हिरड्या फिक्या दिसल्या तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. पण डांबरी रस्त्याने रोज सकाळी न्या, गोदापार्कला न्या, रविवारी पांडवलेण्याच्या पायथ्याशी न्या. पहिल्या सरीनंतर ओल्या मातीचा वास घेत ती दहा मिनिटं एकाच झाडापाशी थांबेल, थांबू द्या, दोरी ओढू नका. घरी आल्यावर पंजांच्या बोटांमध्ये आणि कानांच्या घडीत बोटं फिरवून बघा, तेवढं रोज पुरे. सासूबाईंना पटत असेल तर फणीचं काम त्यांच्याकडेच द्या. दुपारी त्यांना वेळ असतो आणि तिलाही तेच हवं असतं.