कॅम्पात, कॅम्पला, कॅम्पवर

निपाणीच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "माझ्या सासूबाई बेळगावच्या. त्या 'कॅम्पात जाऊन येते गं' म्हणतात. मुलगी एनसीसीत आहे, ती 'कॅम्पला जाते' म्हणते. मिस्टर कचेरीत आहेत, ते फोनवर 'साहेब कॅम्पवर आहेत' असं सांगतात. हे तिन्ही कॅम्प एकच का? मराठीतला 'कंपू' त्यातूनच आला का? आणि वर्गात मी कोणतं रूप बरोबर म्हणून सांगू?"

ताई, तिन्ही रूपं बरोबर आहेत आणि तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. तुमच्या घरातली माणसं फक्त प्रत्यय बदलतात, आणि त्या प्रत्ययातच अर्थ सांगून टाकतात. म्हणून तुमचा प्रश्न मला फार आवडला.

आधी शब्दाचं मूळ पाहू. लॅटिनमध्ये 'काम्पुस' म्हणजे सपाट मोकळी जागा, मैदान. रोम शहराबाहेर युद्धदेव मार्सच्या नावाचं असं एक मोठं मैदान होतं आणि तिथे सैनिक कवायत करत. पुढे मैदानावर उतरलेल्या सैन्यालाही तेच नाव पडलं. इटालियनमध्ये 'काम्पो', त्यावरून फ्रेंच, आणि सोळाव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत 'कॅम्प'. कॉलेजचा कॅम्पस हा थेट लॅटिन शब्दच. जर्मनमध्ये झुंजीला 'काम्प्फ' म्हणतात, तोही इथलाच.

या कुळातला 'चॅम्पियन' आपल्या भागातल्या माणसाला कोशाशिवाय समजावा असा आहे. चॅम्पियन म्हणजे मुळात मैदानात उतरून लढणारा. आपण कुस्तीला काय म्हणतो? "आनंदवाडीला मैदान आहे" असं बेळगावात कुणी म्हटलं, की ऐकणारा जागेबद्दल विचारत नाही, जोड कुणाकुणाची लागली आहे ते विचारतो. जागेचं नाव लढतीला लागलं आणि जिंकणाऱ्यानं 'मैदान मारलं'. लॅटिनमध्ये जे घडलं तेच आपल्याकडे फारसीतून आलेल्या 'मैदान' शब्दाचं घडलं, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसताना.

'कॅम्पेन'सुद्धा इथलाच. युरोपात हिवाळाभर सैन्य घरांच्या आसऱ्याला राही आणि ऋतू बदलला की उघड्या मुलखात बाहेर पडे. त्या उघड्या मुलखावरून स्वारीला हे नाव पडलं. आपल्याकडे हिवाळ्याच्या जागी पावसाळा ठेवा. चार महिने फौजा छावणीत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहीम सुरू.

इथे मला थोडं थांबायचं आहे. 'कॅम्प' म्हणजे 'छावणी' असं आपण सरसकट सांगून मोकळे होतो, पण 'छावणी' शब्दात 'छावणे' आहे, छप्पर घालणे. पावसाळ्यात राहायचं म्हणून शाकारलेली जागा ती छावणी. मोहिमेत दोन रात्री राहुट्या ठोकून राहायचं, तो तळ. इंग्रजीतही असाच भेद आहे. तंबूंचा तो कॅम्प, आणि फौज पक्क्या निवाऱ्यात ठेवली की कॅन्टोन्मेंट. म्हणजे छावणीचा खरा जोडीदार कॅन्टोन्मेंट, आणि कॅम्पचा तळ. बेळगावचा किल्ला 1818 साली इंग्रजांच्या हाती गेला, पुढे पलटणी आल्या, बराकी, बंगले, चर्च, बाजार झाले. कागदोपत्री ते कॅन्टोन्मेंट आहे, आज तिथे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, तंबू केव्हाच गेले. लोकांच्या तोंडी मात्र तळाचा शब्द राहिला. पुण्यातही तसंच झालं, तिथे कॅम्पच्या जोडीला 'लष्कर' हेही नाव टिकलं. कन्नडमध्ये अशा वस्तीला 'दंडु' म्हणतात. बेंगळुरू कॅन्टोन्मेंट स्टेशनच्या कन्नड पाटीवर 'बेंगळूरु दंडु' लिहिलेलं असतं. दंड म्हणजे सैन्य, आपल्या दंडनायकातला. आणि ज्या भाषेचं नावच तळ असं आहे ती उर्दू. तुर्की 'ओर्दू' म्हणजे छावणी, बादशाही तळ.

आता कंपू. तो कॅम्पचा सख्खा नातलग आहे, पण त्याच दारातून आलेला नाही. शेवटचा ऊ बघा. इंग्रजी कॅम्पला असा ऊ फुटायचं काही कारण नाही. पोर्तुगीजमध्ये हाच शब्द 'काम्पु' असा ऐकू येतो, आणि कंपूची चाल त्याच्याशी जुळते. तुमच्या निपाणीचं उदाहरण घ्या: पोर्तुगीज 'ताबाकु' आणि आपला 'तंबाखू'. पणजीचं कांपाल मैदानही याच कुळातलं, पोर्तुगीजमध्ये 'कांपाल' म्हणजे मैदानाचा, उघड्यावरचा. मराठ्यांच्या फौजेत कंपू म्हणजे युरोपियन अंमलदाराच्या हाताखाली कवायत शिकलेली पायदळाची तुकडी. महादजी शिंद्यांनी 1784 मध्ये द बॉइन या फ्रेंच भाषक सरदाराला नोकरीत घेतलं, त्याने उभे केलेले कंपू उत्तरेत गाजले. तेव्हा या शब्दात मान होता. फौजा गेल्या, आणि 'आपापसात संगनमत करून राहणारी टोळी' एवढाच अर्थ उरला. आज साहित्यातली कंपूशाही म्हटलं की बोलणाऱ्याचा राग ऐकू येतो. एवढ्या शिस्तीच्या शब्दाची ही उतरण मला खरोखर वाईट वाटते.

कंपू असा उतरला, पण 'गोट' सावरला. गोट म्हणजे सरदाराच्या स्वारांचा तळ. साताऱ्यात 'पंताचा गोट' अजून पत्त्यात लिहितात, आणि "विरोधी गोटात खळबळ" हे वर्तमानपत्रात रोज वाचतो. तेव्हा "विरोधी कॅम्पमध्ये" असं लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, गोट हाताशी असताना तो सोडू नका.

राहिला तुमच्या घरचा प्रश्न. परवा बेळगावच्या सीबीटी बसस्थानकावरून निघालेल्या सिटी बसमध्ये माझ्यापुढे एक आजी होत्या. मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी, वरून ओलं फडकं टाकलेलं. कंडक्टरला म्हणाल्या, "कॅम्पात उतरीव बाबा." त्यांच्या मागच्या बाकावर खाकी कपड्यांतल्या दोन मुली, एकीचा फोन चाललेला: "अगं, कॅम्पला दहा दिवस मोबाइल जमा करून घेतात." एका बाकाचं अंतर, आणि एकाच शब्दाची दोन रूपं. दोघींपैकी कुणीही चुकलं नाही.

आजींचा 'कॅम्पात' हा बाजारात, गावात यांच्या ओळीतला. तो जागा सांगतो. शिवाय त्यात प्रत्ययाआधी 'आ' आला आहे, म्हणजे शब्दाचं सामान्यरूप झालं आहे. परका शब्द मराठीत मुरला की त्याला हे वळण पडतं. टेबलावर म्हणतो, पण लॅपटॉपावर कुणी म्हणत नाही. कॅम्पात, कॅम्पातून, कॅम्पातलं घर ही रूपं सांगतात की बेळगावकरांच्या कित्येक पिढ्यांनी हा शब्द वापरून घरचा केला आहे.

मुलीचा 'कॅम्पला' हा लग्नाला, जत्रेला यांच्या ओळीतला. तो प्रसंग सांगतो. एनसीसीचा कॅम्प, डोळे तपासणीचा कॅम्प, आधारचा कॅम्प. हा अर्थ त्या मानाने नवा, म्हणून शब्द अजून वाकत नाही. "कॅम्पमध्ये शुगर तपासून घेतली" असंच आपण म्हणतो. कुणी "कॅम्पात शुगर तपासली" म्हणालं, तर आपल्याला बेळगाव कॅम्पातल्या हाय स्ट्रीटवरचा एखादा दवाखाना आठवेल. एवढा मोठा फरक एका 'आ'ने होतो!

आणि कचेरीतला 'कॅम्पवर' हा दौऱ्यावर, ड्यूटीवर यांच्या ओळीतला, माणूस कोणत्या कामात आहे ते सांगणारा. गोरा कलेक्टर तंबू घेऊन गावोगाव फिरे, तेव्हाची ही भाषा. साहेब आता विश्रामगृहात उतरतात, पण पत्राच्या माथ्यावर 'कॅम्प : बेळगाव' असं अजून टाइप होतं. मराठीत त्या जागी 'मुक्काम' आहे, आणि तो आपल्या प्रत्येक पत्त्यात 'मु. पो.' होऊन बसला आहे.

वर्गात सांगताना मी असं सांगेन: वस्तीसाठी कॅम्पात, कार्यक्रमासाठी बोलताना कॅम्पला आणि लिहिताना शिबिराला. 'शिबिर' लिहिताना बि ऱ्हस्व. शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे, म्हणून रक्तदान शिबिर, शिबीर नव्हे. बेळगावच्या फलकांवर निम्म्या ठिकाणी तो दीर्घ दिसतो, मुलांना मोजून आणायला सांगा.

आणि सासूबाई 'क्यांपात' असं म्हणत असतील, तर तेही हसण्यावारी नेऊ देऊ नका. मराठीत ॲ लिहायची चंद्राची खूण रुळण्याआधी छापील मजकुरातही 'ब्यांक' असंच असे, आणि कन्नडमध्ये तो उच्चार आजही तसाच, 'क्यांप्' असाच लिहितात.