घराभोवतीचे कीटक ओळखायला शिकायचे आहे. कोणते अ‍ॅप आणि कोणता कॅमेरा घ्यावा?

कॅमेऱ्याचे आधी सांगते. हातातला मोबाइल आणि त्यावर चिमट्याने बसणारे साधे मॅक्रो भिंग एवढे पुरते. अ‍ॅप म्हणून आयनॅचरलिस्ट घ्या; ते फोटोवरून नाव सुचवते आणि इतर वापरणारे ती नोंद तपासतात. परंतु अ‍ॅपने नाव सांगितले म्हणजे कीटक ओळखला, असे तुमच्या प्रश्नात गृहीत धरलेले दिसते. ते मला मान्य नाही, आणि त्याचे कारण आमच्या देवघरात घडलेले आहे.

चार वर्षांपूर्वी जूनमध्ये आईच्या दुखण्यासाठी मी साताऱ्याला माहेरी राहिले होते. देव्हाऱ्यावरच्या फळीच्या खालच्या अंगाला एका कुंभारीण माशीने मातीचे घर बांधायला घेतले. काळे अंग, त्यावर पिवळ्या खुणा, आणि छाती व पोट यांना जोडणारी दोऱ्यासारखी लांब कंबर. अंगणातल्या नळाखालच्या चिखलाची गोळी ती जबड्यात धरून आणी आणि थापताना बारीक गुणगुण ऐकू येई. आईने ते घर पाडू दिले नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने सांगितलेल्या चोवीस गुरूंतला शेवटचा गुरू तो हाच. कोंडलेला किडा भयाने तिचेच ध्यान करीत अखेर तिच्यासारखा होतो, हा दृष्टान्त आईने कीर्तनांतून लहानपणापासून ऐकलेला.

मी फोटो काढला, तो हललेला आला. अ‍ॅपने पहिले नाव सुचवले ते मडक्यासारखी घरटी करून त्यांत अळ्या भरणाऱ्या माशीचे. माझा थोरला भाऊ प्राणिशास्त्र शिकवतो. त्याने फोनवरच तो फोटो पाहून तेच नाव पक्के केले आणि म्हणाला, "आत अळ्याच असणार. दिवसभर बसून काय पाहतेस?"

मी नऊ दिवस पाहिले. आत जात होते ते कोळी. एक खोली भरली की ती तोंड लिंपून टाकी आणि शेजारी दुसरी सुरू करी. पुढे फळी पुसताना कडेची एक खोली निखळली, ती मी पांढऱ्या कागदावर उघडली. तेरा कोळी निघाले, बहुतेक हिरवट, दोन राखाडी. काडी लावली तेव्हा एकाचा पाय हलला, कारण ते मेलेले नव्हते. डंखाने लुळे केलेले होते, म्हणून तर पिलासाठी साठवलेले अन्न नासत नाही. एकाच्या पोटाला तांदळाच्या कणीएवढे पांढरे, किंचित वाकलेले अंडे चिकटलेले होते. उरलेल्या खोल्यांना महिन्याभराने भोके पडली आणि नव्या माश्या बाहेर आल्या. दृष्टान्त रचणाऱ्यांनी किडा आत जाताना आणि माशी बाहेर येताना पाहिली होती. मधले तेवढे लिंपलेल्या मातीआड राहिले. दादाने तर काहीच पाहिले नव्हते.

आमची कुंभारीण ही स्फेसिडी कुळातली, स्केलिफ्रॉन नावाच्या प्रजातीतली. अळ्या भरणारी ती व्हेस्पिडी कुळातली, गांधीलमाशीच्या नात्यातली. ती बसली की तिचे पंख लांबीत घडी घातलेले दिसतात. म्हणून वरून, बाजूने आणि समोरून असे तीन तरी फोटो काढा. आयनॅचरलिस्टवर दोघांचे एकमत झाले की नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरू शकते. मी दादाचे ऐकले असते, तर आम्हा दोघांच्या होकाराने चुकीचे नावच तेथे कायम झाले असते. तेव्हा तुळस, कढीपत्ता किंवा व्हरांड्यातला दिवा यांपैकी एक जागा धरा आणि महिनाभर तेथेच पाहत राहा. पदवीधराच्या एका नजरेपेक्षा अशी नोंदवही मी अधिक विश्वासार्ह मानते.

दादाचे एक म्हणणे मात्र खरे आहे: बारीक माश्या आणि भुंगेरे यांच्या कितीतरी जाती सूक्ष्मदर्शकावाचून वेगळ्या करता येत नाहीत, तेथे कुळापर्यंत थांबावे. आणि कुंभारीण एकटी राहणारी, सहसा डसत नाही. गांधीलमाशीच्या पोळ्याजवळ मात्र असे बसू नका.

ते तेरा कोळी मी काड्यापेटीत कापसावर ठेवले आहेत. गेल्या दिवाळीत दादाला दाखवले, तर कुळ चुकले म्हणून काय बिघडले, असे तो म्हणाला. परसातल्या कोबीवर अळी पडली असताना या दोघींतली कोणती माशी आपल्या कामाची, हे त्या कुळावरूनच कळते.