मुलांसाठी केलेला लघुपट मुलांना कळला का, हे कसं तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या गटानं पहिली-दुसरीच्या मुलांसाठी सात मिनिटांचा लघुपट केला, एका शाळेत दाखवला, गुगल फॉर्म भरून घेतला. जवळजवळ सगळ्या मुलांचं उत्तर 'खूप आवडला'. आता मूल्यमापनाचा अहवाल द्यायचाय, तर एवढं पुरेल का?

नाही पुरणार. मी सांगलीत जनसंवाद शिकवते आणि असा फॉर्म घेऊन येणारा एखादा गट माझ्याही वर्गात दरवर्षी असतोच. पहिलीतल्या मुलाचा फॉर्म भरतं कोण? बाई, नाहीतर तुम्हीच. वर्गातल्या बाई शेजारी उभ्या आहेत, कॉलेजच्या ताईनं नुकतंच चॉकलेट वाटलंय, आणि तीच ताई विचारते, "आवडला का रे?" पोर दुसरं काय सांगणार? हसरे-रडके चेहरे काढून बोट ठेवायला लावलं तरी तीच गत. लहान मुलं सर्रास सगळ्यात मोठ्या हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतात, हे मुलांची मतं गोळा करणाऱ्या संशोधकांनी नोंदवून ठेवलेलं आहे. तुमच्या फॉर्मवरून फार तर एवढं कळतं की शाळेतली मुलं गुणी आहेत.

तेव्हा मत विचारायचं सोडा आणि मुलांकडं बघत बसा. ही युक्ती माझी नाही. 1969 साली अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' हा एका रस्त्यावर घडणारा लहान मुलांचा टीव्ही कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी एडवर्ड पामर नावाच्या संशोधकानं टीव्हीवर कार्यक्रम लावला आणि मुलांचं लक्ष खेचायला शेजारच्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी स्लाइड. मूल कुठल्या क्षणी कुठं बघतंय, एवढंच टिपायचं. तोवर मानसशास्त्रज्ञांचा सल्ला असा होता की खरी माणसं आणि बाहुले एका दृश्यात आणू नका, मुलं गोंधळतील. प्रत्यक्षात नुसत्या माणसांची रस्त्यावरची दृश्यं लागली की मुलांची नजर उडायची. शेवटी तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवून रस्त्यावर बाहुले आणावे लागले, आणि बिग बर्ड व ऑस्कर हे गाजलेले बाहुले आले ते त्यातूनच. आपल्याकडं 1975-76 साली इस्रोनं सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत 'साइट' हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग केला. त्यातही सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असायचे, आणि काही गावांत संशोधक मुक्काम ठोकून बघणाऱ्यांना बघत होते.

तुम्हाला स्लाइड वगैरे काही लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेची खिडकी उघडी ठेवा, बाहेर ऊस भरलेला ट्रॅक्टर गाणी लावून जाईलच. गटातल्या एकानं पडद्याकडं पाठ करून बसायचं आणि फक्त तीन मुलं सांभाळायची. दर दहा सेकंदांनी प्रत्येकाच्या नावापुढं खूण: बघतंय की नाही. सात मिनिटांत एका मुलाच्या 42 खुणा होतात. घरी येऊन त्या खुणा दृश्यांच्या क्रमाशी लावल्या की कुठल्या जागी वर्ग हातातून सुटला ते कागदावर दिसतं. बहुतेक वेळा ती जागा म्हणजे तुमचा सगळ्यात लाडका शॉट निघतो. ड्रोनचा, हमखास.

पण बघतंय म्हणजे कळतंय असंही नाही. मागं आमच्या एका गटानं हरिपूरच्या पेवांवर गोष्ट केली होती. सांगलीच्या बाजारातली हळद जमिनीखालच्या खोल पेवांत साठवायची जुनी पद्धत, आणि कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात अशी पेवं पुष्कळ. 2005 च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बरीच निकामी झाली. गोष्ट साधी होती: नातवाचा चेंडू आजोबांच्या रिकाम्या पेवात पडतो, आजोबांना तरुणपण आठवतं, नातू दोर धरून खाली उतरतो आणि चेंडू घेऊन येतो. आठवणीचा भाग पोरांनी मोठ्या हौसेनं पिवळसर रंगात केला होता. जुना काळ, शिवाय हळद, म्हणजे दुहेरी अर्थ. कॉलेजात सगळ्यांनी वाहवा केली.

शाळेत आम्ही दुसरीतल्या मुलांना तो दाखवला आणि मग प्रत्येकाला लघुपट न बघितलेल्या एकेका मुलाला गोष्ट सांगायला बसवलं. हे महत्त्वाचं आहे. तुम्हाला गोष्ट सांगताना मूल अर्धं गाळतं, कारण तुम्हाला ती ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक असतं. मैत्रिणीला सांगताना मात्र सगळं सांगावं लागतं. एक मुलगी सांगत होती, "मग त्येचा आजोबा आला. मग एक दुसरा माणूस आला, त्यो पिवळा हुता. त्येनं पोती टाकली आन् गेला." ऐकणारीनं विचारलं, "पिवळा का?" तर ही म्हणते, "लगीन असंल त्येचं. हळद लावलीया."

दिग्दर्शकाचा चेहरा पडला, पण मुलीचं काय चुकलं? आठवण म्हणजे रंग बदलणार, हा तुमचा-माझा करार आहे. सात वर्षांच्या मुलीनं त्यावर सही केलेली नाही. गटानं पिवळा रंग काढला, तरुण आजोबांच्या कानात म्हाताऱ्या आजोबांसारखीच बाळी घातली, त्यासाठी तेवढं दृश्य पुन्हा चित्रित केलं, आणि म्हाताऱ्याच्या आवाजात "मी तुझ्या बापाएवढा होतो तवा..." हे वाक्य त्या दृश्यावर चालू ठेवलं. मग दुसऱ्या शाळेत तेच सांगणं ऐकलं तर बहुतेकांच्या गोष्टीत आजोबा एकच उरला.

त्याच पहिल्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली, ती कुठल्याच फॉर्मवर आली नसती. मधल्या सुट्टीत दोन पोरं झाड लावायला काढलेल्या खड्ड्यात उतरून 'पेव पेव' खेळत होती, आणि एकाचा बेत चालला होता की आमच्या रानात याहून खोल हाय, तिथं जाऊ. बंद राहिलेल्या पेवातली हवा घातक असते, तिथं प्राणवायू कमी पडतो. माहीतगार माणूस आधी पेव उघडं ठेवतो, कंदील खाली सोडून ज्योत टिकते का बघतो, मगच उतरायचं की नाही ते ठरवतो. आमचा नायक थेट दोर धरून उतरला होता, आणि वर टाळ्या घेऊन आला होता. ते दृश्य कापलं. आता आजोबा विहिरीतली बादली काढायचा गळ आणतात आणि वरूनच चेंडू काढतात. गळ दोनदा निसटतो, त्या वेळी मुलं अक्षरशः गुडघ्यांवर उभी राहतात. तेव्हा लघुपट दाखवून लगेच गाडीत बसू नका. मधल्या सुट्टीपर्यंत थांबा आणि मुलं काय खेळतात ते बघा.

आवड तपासायचीच असेल तर खरी निवड द्या: परत बघायचाय, की मैदानावर जायचं? पायांनी दिलेलं उत्तर सहसा खोटं नसतं. लघुपटातली पाच-सहा छायाचित्रं छापून क्रमानं लावायला देणं हेही सोपं आहे, विशेषतः न बोलणाऱ्या मुलांसाठी.

बाकी किरकोळ. आवाज आधी तपासा, चित्र नंतर. पत्र्याखालच्या वर्गात लॅपटॉपच्या स्पीकरवर संवाद ऐकूच येत नाहीत, आणि पहिलीच्या मुलाला उपशीर्षकांचा उपयोग शून्य. प्रोजेक्टरपेक्षा शाळेतला टीव्ही बरा, दिवसाउजेडी प्रोजेक्टरचं चित्र फिकं पडतं. कलाकार मुलांबद्दल एक तक्रार मात्र करतेच. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तेव्हापासून आमच्या गावाला नाटकाचं वेड आहे, त्यामुळं आमची पोरं कॅमेऱ्यासमोर स्नेहसंमेलनासारखी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलतात. साताऱ्यात हा त्रास कमी असेल तर नशीबवान आहात.

मुलांचे चेहरे चित्रित करणार असाल तर पालकांची लेखी परवानगी घ्या, नुसतं मुख्याध्यापकांचं "हो, करा की" चालत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यातही 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती धरलेली आहे. मी तर म्हणेन, कागदावर खुणा करा, चित्रीकरण टाळाच.

अहवालात तुमचा लघुपट किती छान झाला हे लिहू नका, ते परीक्षकांना दिसेलच. कुठल्या दृश्यात नजर हटली, सांगताना मुलांनी काय गाळलं, काय स्वतःच्या मनानं घातलं, आणि त्यावरून तुम्ही काय बदललं ते लिहा. बदलाआधीची आणि नंतरची, दोन्ही प्रती जोडा. मी गुण देते ते या दोन प्रतींमधल्या फरकाला. तुमच्याकडं मुदतीला आठवडा असेल तरी एवढं जमतं, फक्त शेवटची प्रत निघाली असं समजून मूळ फाइली पुसून टाकू नका. आणि शाळेत जाताना पोषण आहाराच्या आधीचा अर्धा तास घेऊ नका. खिचडीचा वास सुटला की पुढच्या सगळ्या खुणा 'बघत नाही' अशाच येतात, आणि त्यात तुमच्या लघुपटाचा काही दोष नसतो.