पक्षाघाताचा झटका आलाय हे तपासताना नेमकं काय पाहायचं?

कुणाचं तोंड एकाएकी वाकडं दिसलं, तर तो पक्षाघातच आहे का हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय. खरी खूण आहे 'एकाएकी'. क्षणापूर्वी धड असलेला माणूस बिघडतो.

चेहरा नुसता पाहू नका, दात दाखवायला सांगा. ओठाचा एक कोपरा मागे पडतो. पक्षाघातात कपाळावर बहुधा दोन्हीकडे आठ्या पडतात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आज्ञा जातात. एकीकडे आठी पडत नसेल, डोळाही मिटत नसेल, तर चेहऱ्याच्या नसेचा आजार असू शकतो. पण हा निवाडा घरी करू नका.

हातांची चाचणी बहुतेकजण चुकीची करतात. दोन्ही हात समोर, तळवे वर, डोळे मिटलेले, आणि १० सेकंद थांबा. दुबळा हात धपकन पडेलच असं नाही. आधी तळवा आत वळतो, मग हात हळूहळू खाली सरकतो.

बोलताना जीभ जड होते, ते लगेच कळतं. फसवतं ते दुसरंच: माणूस भराभर बोलतो, पण शब्द भलतेच. त्याला लोक भ्रम समजतात. म्हणून एखादं साधं वाक्य मागोमाग म्हणायला लावा.

चेहरा, हात, वाणी ठीक, पण अचानक तोल जातोय, एकाचे दोन दिसताहेत, तरीही रुग्णालय गाठायची तितकीच घाई करा.

मी सगळ्यात आधी विचारतो: शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं? लक्षणं दिसली ती वेळ नव्हे. झोपेतून उठतानाच त्रास असेल तर झोपण्यापूर्वीची वेळ धरा. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे ४.५ तासांच्या आतच देतात. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी नळीने काढणं काही रुग्णांत २४ तासांपर्यंत जमतं.

ॲस्पिरिन देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. पाणीसुद्धा नको, ठसका लागून ते फुफ्फुसात जातं. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर साखर पाहा. ती फार उतरली तरी हुबेहूब असंच दिसतं. रक्तदाबाची जादा गोळीही नको. मेंदूच्या रक्त अडलेल्या भागाला त्याच दाबावर रक्त मिळत असतं.

१० मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी त्याच दिवशी दाखवा. पुढचे दोन दिवस मोठ्या झटक्याचा धोका सर्वाधिक असतो. निघताना रुग्णालयात फोन करून सीटी स्कॅन आणि गुठळीचं इंजेक्शन आत्ता उपलब्ध आहे का ते विचारा, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर तीही सांगा.