हाडापेराने दणकट मुलाने पोलीस भरतीचा नाद सोडावा का?

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वडिलांचं पत्र आहे. मुलगा १७ वर्षांचा, बारावीत. उंची १६९ सें.मी., वजन ८८ किलो, अंगाने रुंद. १६०० मीटर धावताना दुसऱ्याच फेरीत धाप लागते. ग्राऊंडवर कुणी म्हणालं, 'ही शरीरयष्टी भरतीची नाही.' त्या दिवसापासून पोरगं ग्राऊंडवर गेलेलं नाही.

भाऊ, त्याला परत पाठवा. पण आधी डॉक्टरांना दाखवा. धावल्यावर छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा रात्री खोकला उठत असेल, तर तो दमा असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

दमा नसेल, तर धापेचं कारण साधं आहे. फुप्फुसं किती मोठी, हे मुख्यतः उंचीवर ठरतं. पण पोटावरची चरबी श्वासपटलाला नीट खाली उतरू देत नाही, श्वास उथळ होतो. त्यात अंगावरचा प्रत्येक किलो वाहायला ऑक्सिजन लागतो. वीस किलोचा घड खांद्यावर घेऊन बांधावरून चालताना तुम्हाला जो दम लागतो, तोच त्याला रिकाम्या खांद्याने लागतोय.

चरबी उतरेल. रुंद खांदे आणि जड हाडं तशीच राहतील, आणि राहू द्या. मैदानी चाचणीच्या ५० गुणांत १५ गोळाफेकीचे आहेत, ७.२६० किलोच्या गोळ्यामागे असंच अंग लागतं. चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी याच भरभक्कम देहावर तीनदा महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे पोलीस उपअधीक्षक.

तरी १६०० मीटरचे २० गुण आहेत आणि चाचणीत निम्मे गुण मिळवावेच लागतात, तेव्हा धावणं टळत नाही. पहिले तीन महिने घड्याळ घरी ठेवा. दिवसाआड अर्धा तास, थोडं चालत थोडं धावत. पावलं छोटी, आणि मातीवरच. डांबरी रस्त्यावर या वजनाने नडग्या आणि गुडघे धरतात. जड अंग उशिरा थंड होतं, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत सराव आटपलेला बरा. उपाशी ठेवू नका. भाकरी, डाळ, अंडी चालू द्या, तळलेलं आणि थंड पेयं बंद करा.

छातीसाठी ७९ सें.मी. आणि फुगवून ५ सें.मी. जास्त, अशी अट आहे. फुगवण्याचा सराव आजपासून रोज करू द्या.

महिन्याने मला त्याची वेळ कळवू नका. धावता धावता त्याला तुमच्याशी बोलता येतं का, तेवढं लिहा.