टेबलावरच्या छापयंत्राला 'ट्रेडल' म्हणावे का?

प्रश्न असा : अमेरिकेतल्या केल्सीचे 'एक्सेल्सिअर' आणि इंग्लंडातले 'अडाना' ही हौशी मुद्रकांसाठी केलेली, टेबलावर मावणारी जुनी यंत्रे. मराठी लेखात त्यांना 'ट्रेडल' म्हटले तर चालेल का?

नको. ट्रेडल म्हणजे मुळात पायाने दाबायची पट्टी. आपल्याकडे लग्नपत्रिका नि हँडबिले छापणाऱ्या यंत्राला तिच्यावरूनच नाव पडले. पुढे मोटर आली, पट्टी गेली, नाव राहिले. ते रुळलेलेच आहे. पण या टेबलावरच्या यंत्रांना पट्टी कधी नव्हतीच. त्यांना हाताचा दांडा असतो.

'हातप्रेस'ही पुरता बसत नाही. तो शब्द अल्बियन, कोलंबियन यांच्यासारख्या यंत्रांना शोभतो : फर्मा (चौकटीत आवळलेली खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची, जुळणी) आडवा, शाई वेगळ्या रुळाने हाताने लावायची. अडानात फर्मा उभा असतो. दांडा दाबला की रूळ खिळ्यांवरून वर शाईच्या तबकडीकडे जातात आणि कागद फर्म्यावर दाबला जातो. सोडला की रूळ शाई लावत खाली येतात. तबकडीही दर फेरीला थोडी फिरते. म्हणून मी 'दांड्याचे टेबलयंत्र' लिहीन. लांबट आहे, पण चित्र बरोबर उभे राहते.

'फर्मा' मात्र जपून वापरा. इथे तो म्हणजे चेसमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत, आवळलेली खिळ्यांची जुळणी. बाइंडर मात्र घडीच्या पानांच्या गठ्ठ्यालाही फर्माच म्हणतो. शिवाय 'अडाना ८×५' हे इंचांतले माप चेसच्या आतल्या जागेचे. तेवढी जागा चित्राच्या ठोकळ्याच्या गडद छापाने भरली, तर दांड्याचा जोर पुरत नाही आणि छाप फिका उठतो.

अक्षरे भरलेली उठली, तर 'शाई जास्त झाली' असे लिहिण्याआधी रूळ पाहा. शाई लावलेला रूळ खिळ्यावर टेकवला की सुमारे ३ मिमी रुंदीची रेघ उमटायला हवी. जास्त रुंद उमटली तर रूळ खाली बसला आहे : तो खिळ्याच्या खांद्यालाही (अक्षराभोवतीच्या खालच्या सपाट भागाला) शाई लावतो, 'ष', 'थ' यांची पोटे, म्हणजे आतल्या मोकळ्या जागा, भरतात. रूळ ज्या पट्ट्यांवर धावतो त्यांवर चिकटपट्टीचा थर द्या, म्हणजे रूळ उचलला जातो. इथे शाई कमी केली तर पोटे भरलेलीच राहतात, वर अक्षरही फिके पडते.