वाचकांचे प्रश्न : मनोविकार संशोधनाची प्रयोगशाळा सांभाळताना

प्रश्न : मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. बंगळूरच्या निम्हान्ससारख्या (मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) संस्थेत प्रयोगशाळा व्यवस्थापक व्हायची इच्छा आहे. मानसशास्त्राची पदवी नसली तर अडतं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : अडत नाही. निदान करणं, मुलाखत घेणं, नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या प्रश्नावल्या भरून घेणं ही कामं मनोविकारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची. रक्त नळीत आलं की तुमची जबाबदारी सुरू होते. तरीही रुग्ण कोणती औषधं घेतो, शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे तुमच्या नोंदवहीत हवंच. लिथियम या मनोविकारावरच्या औषधाची पातळी बघायची तर शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी रक्त घ्यावं लागतं. त्यासाठी लिथियम हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या क्षाराची) हिरव्या टोपणाची नळी वापरली, तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं आणि अहवाल खोटा वाढीव येतो.

सुरुवात बहुधा प्रकल्प सहायक किंवा जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्र) म्हणून होते. पैसा आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) किंवा डीबीटीच्या (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) अनुदानातून येतो, म्हणून नोकरी प्रकल्प असेपर्यंतच. मुलाखतीत स्पष्ट विचारा : प्रकल्पाची मुदत किती उरली आहे, आणि तो संपल्यावर साठवलेल्या नमुन्यांचा खर्च कोण करणार? एलायझा (खाचांच्या प्लेटवर प्रथिनं मोजायची चाचणी), डीएनए काढणं, पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं) ही तंत्रं हाताखाली काम करत शिकता येतात. दुर्मीळ असते ती त्याच मिनिटाला नोंद करायची सवय. रोजच्या कामात फ्रीझरची जाळी साफ करणं, किट्सच्या मुदती बघून मागणी लावणं आणि जैववैद्यकीय कचरा ४८ तासांच्या आत बाहेर काढणं हेही येतं. मोठ्या पगाराची ही वाट नाही. पण मनोविकारांवरचं संशोधन विश्वासार्ह ठरतं की नाही, ते बऱ्याच अंशी इथंच ठरतं.

प्रश्न : नैराश्याचे रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांच्या सिरममधलं (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) बीडीएनएफ हे चेतापेशींना पोसणारं प्रथिन आम्ही एलायझाने मोजतो. पहिल्या प्लेटवर दोन गटांत मोठा फरक दिसला, दुसऱ्या प्लेटवर तो नाहीसाच झाला. किट खराब असेल का? – प्रकल्प सहायक, पुणे

उत्तर : किटला दोष द्यायच्या आधी नळ्यांच्या वेळा काढून बघा. रक्तातलं बरंचसं बीडीएनएफ प्लेटलेट्समध्ये साठलेलं असतं आणि रक्त गोठताना ते बाहेर पडतं. म्हणून गोठायला दिलेला वेळ बदलला की आकडाही बदलतो. बऱ्याच ठिकाणी असं होतं : रुग्णांचं रक्त सकाळी ओपीडीत घेतात, नळ्या दोन तास ट्रेमध्ये पडून राहतात आणि मग कुणीतरी त्या वर आणून देतो. निरोगी गट म्हणजे विद्यार्थी आणि कर्मचारी. त्यांचं रक्त प्रयोगशाळेच्या दारातच घेऊन लगेच सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवलं जातं. मग जो फरक दिसतो तो नैराश्याचा की ट्रेमधल्या दोन तासांचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

दोन्ही गटांना एकच शिस्त लावा. नळी पाच वेळा अलगद उलटी करा, खोलीच्या तापमानाला उभी ठेवा आणि टायमर लावून बरोबर ४५ मिनिटांनी १,५०० जी वर १० मिनिटं फिरवा. नोंद आरपीएममध्ये (मिनिटाला किती फेरे) नको, जी मध्ये (नळीवर पडणारा जोर, गुरुत्वाकर्षणाच्या किती पट) करा. ३,००० आरपीएमला १० सेंमी त्रिज्येच्या रोटरवर सुमारे १,००० जी मिळतात, १६ सेंमीच्या रोटरवर सुमारे १,६००. यंत्र बदललं की तोच आरपीएम वेगळं काम करतो. सिरम उपसताना खालच्या थराच्या वर अर्धा सेंटिमीटर सोडून द्या. गुलाबी झाक दिसली तर तशी नोंद करा, कारण तांबड्या पेशी फुटलेल्या असतात. २५० मायक्रोलिटरचे भाग करून, रक्त घेतल्यापासून दोन तासांच्या आत उणे ८० अंशाला ठेवा. वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नका. लेबल थंडीत टिकणारंच घ्या. साधा कागद सुटून येतो आणि साध्या पेनची शाई अल्कोहोलने पुसली जाते.

आता प्लेटकडे वळू. ९६ खाचांपैकी सात प्रमाण द्रावणं (बीडीएनएफचं प्रमाण आधीच माहीत असलेली) आणि एक कोरी, प्रत्येकी दोनदा, म्हणजे १६ गेल्या. दोन नियंत्रण सिरम (प्रत्येक प्लेटवर तेच लावून प्लेट तपासायची) दोनदा, आणखी चार. उरल्या ७६, म्हणजे ३८ नमुने. त्यांत १९ रुग्ण आणि १९ निरोगी हवेत, वय आणि लिंग जुळवलेले, आणि त्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या. रुग्ण एका प्लेटवर आणि निरोगी दुसऱ्या प्लेटवर गेले, तर प्लेटमधला फरकच रोगाचा फरक म्हणून पुढे येतो. कडेच्या खाचांतलं पाणी लवकर उडतं, म्हणून प्लेट चिकटपट्टीने बंद करूनच ठेवा. जोडीच्या दोन आकड्यांतली तफावत १५ टक्क्यांपेक्षा जास्त असली तर तो नमुना पुन्हा करा.

तुमच्या दोन्ही प्लेट्सवर एकच नियंत्रण सिरम होतं का? असेल तर त्याचे आकडे शेजारी ठेवा. ते जुळत नसतील तर दोष प्लेटमध्ये आहे. एकच नियंत्रण सिरम नसेल तर या प्लेट्स जोडता येणार नाहीत. न वितळवलेले भाग शिल्लक असतील तर रुग्ण आणि निरोगी दोन्ही प्लेट्सवर सारखे वाटून सगळं पुन्हा मोजा. दुसरी प्लेट गैरसोयीची वाटते म्हणून गाळणं मात्र अजिबात चालणार नाही.

प्रश्न : रुग्ण संमती देण्याच्या स्थितीत नसेल तर संशोधनासाठी नातेवाइकाची सही पुरते का? – परिचारिका, नाशिक

उत्तर : नुसती सही पुरत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९९ नुसार रुग्णाची स्वतःची, समजून-उमजून आणि दबावाविना दिलेली संमती लागते. तो ती देऊ शकत नसेल आणि विरोधही करत नसेल, तर मानसिक, शारीरिक, रासायनिक वा औषधी हस्तक्षेपाच्या संशोधनासाठी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीची संमती त्यापुढे येते. नीतिशास्त्र समितीची मंजुरी ती वेगळीच. रुग्ण विरोध करत असेल तर रक्त घ्यायचंच नाही.

प्रयोगशाळेने संमतीपत्राच्या क्रमांकाविना नळी स्वीकारू नये. नळीवर नाव न लिहिता संकेतांक लिहावा आणि नाव व संकेतांक जुळवणारी यादी वेगळ्या कुलपात ठेवावी. संमती मागे घ्यायचा हक्क रुग्णाला केव्हाही आहे. म्हणून प्रत्येक भाग कोणत्या फ्रीझरमध्ये, कोणत्या कप्प्यात, ८१ घरांच्या कोणत्या डब्यात आणि कितव्या घरात आहे, हे लिहिलेलं असलं पाहिजे. दुसऱ्या संस्थेकडे पाठवलेले भागही त्याच नोंदीत धरा. संमती मागे घेतली गेली की तेही परत मागवावे लागतात किंवा नष्ट केल्याचं लेखी पत्र घ्यावं लागतं.